वळणाचं झाड

१५ जानेवारी

आज सकाळी उजाडताच गिरमिट घेऊन सरोवरावर गेलो, बर्फाला भोक पाडलं आणि आत हात घालून पाहिला. हातभर जाड लागला. मग टोपी काढून नेहमीची प्रार्थना म्हटली आणि रस्त्याचं पहिलं झाड रोवलं.

नाताळ झाला की बेटावरची घरं आपापली नाताळची झाडं माझ्या अंगणात आणून टाकतात. ती मी बेटापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत ओळीने उभी करतो, आणि बर्फ असेपर्यंत सगळं बेट त्या ओळीच्या भरवशावर गाड्या हाकतं. बर्फाकडे कुणी बघत नाही, झाडांकडे बघतात. दरवर्षी पहिलं झाड रोवताना मला भीती वाटते ती यामुळेच. बायकोला, लॉर्नालाही हे कधी सांगितलेलं नाही.

उत्तरेच्या टोकापाशी पाण्याला खालून ओढ आहे. तिथला बर्फ दिसतो तसा नसतो. म्हणून रस्ता तिथे वळसा घेतो आणि वळशाच्या सुरुवातीला एक झाड असतं. इतर एखादं पडलं तरी माणूस वाट काढेल. वळणाचं झाड नसलं तर त्याच्या पलीकडचं झाड नाकासमोर दिसतं आणि माणूस सरळ ओढीवर जातो. डेल हाकाला तसाच गेला आणि बुडाला. तेव्हा झाडं बाबा रोवत असत.

यंदा वळणावर आमच्या घरचंच झाड रोवलं. त्याचा शेंडा वाकडा आहे. नाताळभर लॉर्नाचं चाललं होतं, “अख्ख्या रानात तुला हेच मिळालं का रे?”

परतताना किनाऱ्यावर एक बाई उभी दिसली. जवळ गेल्यावर ओळखलं, रोंडा हाकाला, डेलची धाकटी बहीण. बेटाच्या एकखोली शाळेत ती माझ्या दोन इयत्ता मागे होती. सतराव्या वर्षी गेली, ती डिसेंबरच्या शेवटच्या बोटीने आली म्हणे. मी हात केला, तिनेही केला, पण ती बर्फावर उतरली नाही. मीच चालत तिच्यापर्यंत गेलो.

“आर्वो, मागून तू हुबेहूब वायनोकाका दिसतोस,” ती म्हणाली. “मी घाबरलेच.”

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ती सिनेमा काढायला आली आहे.

१८ जानेवारी

रोंडा घरी आली. लॉर्नाने कॉफी आणि वेलचीचा पाव पुढे ठेवला. रोंडाने पावाचा वास घेतला आणि बराच वेळ तो खाल्लाच नाही.

“तुमच्या चर्चच्या मंडळीत सिनेमा चालत नाही, ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “तू पाहू नकोस. फक्त माझी माणसं बुडू देऊ नकोस.”

“एवढं आमच्यात बसतं,” लॉर्ना म्हणाली.

मी विचारलं, “गोष्ट कसली आहे?”

“अपराधाची. एक मुलगा शेकोटीजवळ बसायला आडोसा हवा म्हणून वळणाचं झाड उपटून आणतो. सकाळी परत रोवीन म्हणतो. सकाळ व्हायच्या आत कुणीतरी त्या रस्त्याने येतं. पुढे तो मुलगा म्हातारा होतो, पण कुणाला सांगत नाही.”

“बेटावर असं कुणी करणार नाही. इथलं शेंबडं पोरसुद्धा झाडाला हात लावत नाही.”

तिने कप खाली ठेवला. “बरोबर आहे तुझं.”

ती गेल्यावर मला राग आला. शेकोटीची गोष्ट तिने बाबांवर पांघरूण घालायला रचली, हे न कळायला मी मूर्ख नाही. डेल गेला तेव्हा वळणावर झाड नव्हतं. बाबा एकदाच म्हणाले, “मी रोवलं होतं.” लोक गप्प राहिले. महिनाभराने बाबा म्हणू लागले, “रोवलं होतं असं वाटतं.” मग एका रविवारी प्रार्थनेनंतर ते सगळ्यांसमोर उठले आणि हाकालांच्या बाकापाशी जाऊन त्यांनी क्षमा मागितली. रोंडाच्या वडिलांनी रडत बाबांच्या गळ्यात हात टाकून क्षमेचे शब्द म्हटले. शेजारी बसलेली रोंडा उठून बाहेर निघून गेली. भावाच्या दुःखात पोरीला ते सहन झालं नसावं. त्याच उन्हाळ्यात तिने बेट सोडलं.

बाबांनी पुन्हा झाड रोवलं नाही. मी घेतलं ते काम. दुसऱ्या कुणी घेतलं असतं तर मला झोप लागली नसती. आता मी करतो, तरी लागत नाहीच.

सिनेमाच्या कामाला हो म्हणून बसलो आहे. नाही म्हटलं तर ते माझ्याशिवाय बर्फावर जातील. हे कारण खरं आहे की मला नुसतं कुतूहल आहे, ते देवाला माहीत.

२ फेब्रुवारी

सिनेमाची माणसं आली. मोजकीच आहेत, आणि सामान दोन गाड्यांत मावलं. छायाचित्रण करणारा डेसमंड चाळिशीचा, शिकागोचा, सतत शीळ घालणारा. मला ‘बर्फवाले’ म्हणतो. म्हाताऱ्याचं मुख्य काम करणारे कर्टिस सत्तरीचे आहेत, डलूथच्या रंगभूमीवर आयुष्य गेलं.

“बर्फवाले, आज बुडायचं का उद्या?” डेसमंडने पहिल्याच सकाळी विचारलं.

“तुमचं तुम्ही ठरवा,” कर्टिस म्हणाले. “माझा चहा व्हायचाय.”

मी त्यांना बर्फाचे आवाज समजावले. लांबवर तोफ उडाल्यासारखा आवाज आला तर घाबरू नका, थंडीने बर्फ ताणला जातोय. पायाखाली काहीच आवाज नसेल तर मला हाक मारा. पुढे बर्फ कमी झाला की गाडीचे दरवाजे उघडे ठेवून चालवा, उडी मारता यायला हवी. सगळं सांगितलं असं वाटतं.

रोंडा किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसते आणि हातातल्या यंत्रावरून सूचना देते. बर्फावर ती पाऊल टाकत नाही. डेसमंड म्हणतो, आमची दिग्दर्शिका जगात एकटीच, जिला आपल्याच सिनेमात यायला बंदी आहे. ती हसत नाही. शहरात राहून थंडी सोसत नसेल.

१७ फेब्रुवारी

काल कर्टिस जेवायला होते. मासा खाताना म्हणाले, “आर्वो, या बाईने माझा जीव काढलाय. म्हाताऱ्याला आठवणारं ‘उद्या रोवीन’ एवढंच वाक्य, दिवसभर म्हणायला लावलं. मी रडून म्हटलं, हसून म्हटलं, दगडासारखं म्हटलं. दर वेळी एकच, ‘नाही, असं नव्हतं ते.’”

“मग कसं हवं होतं?” लॉर्नाने विचारलं.

“शेवटी मी कंटाळून जांभई देत म्हटलं. ती म्हणाली, हं, असंच.”

कामात चोख आहे रोंडा. शाळेतही तिचं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं.

३ मार्च, रविवार

हे आजच लिहून ठेवतो.

रविवारी काम नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. रोंडा तापाने घरी पडून होती. मी देवळात गेलो, दुपारही तिथेच गेली. लॉर्ना पलीकडे बहिणीकडे गेली होती, ती दिवस मावळायच्या सुमाराला निघाली. बारीक बर्फ पडत होता, समोरची दोन झाडं दिसावीत इतपतच.

ती घरी आली ती चालत. दारात उभी राहून म्हणाली, “आर्वो, आपलं झाड वळणावर नाही.”

“म्हणजे?”

“वाकडा शेंडा डाव्या हाताला दिसायला हवा ना? तो उजव्या हाताला आला. मी म्हटलं, हे इथे कसं? गाडी थांबवली, दार उघडलं, तर पायाखाली काही आवाजच नाही. तशीच मागच्या पावलांवर परत फिरले.”

मी गिरमिट घेऊन धावलो. गाडीच्या पुढच्या चाकापाशी बर्फ चार बोटं होता. खाली काळं पाणी वाहताना दिसत होतं. मी पोटावर सरपटत गेलो, मागच्या आकड्याला दोर बांधला आणि ट्रकने गाडी ओढून काढली. ओढताना मी प्रार्थना म्हणत होतो की शिव्या देत होतो ते मला आठवत नाही.

वळणाची झाडं कुणीतरी उपटून सरळ रेषेत लावली होती. मी रोंडाच्या घरी गेलो. डेसमंड स्वयंपाकघरात शीळ घालत पेस्टी, मांस-बटाट्याची मोठी करंजी, गरम करत होता.

“झाडांना हात कुणी लावला?”

“मीच. शूटिंग नाही केलं हं, नुसती तयारी! ओळ वाकडी होती, सरळ केली. उद्या सूर्य बरोबर मधोमध येतोय बघा.”

“ती झाडं कशासाठी आहेत असं वाटलं तुला?”

“सणाची सजावट! काढायची राहिली असतील.” मग त्याने माझं तोंड पाहिलं. “का? काय झालं?”

मी तोंड उघडलं आणि मला कळलं की मी त्याला सांगितलंच नव्हतं. आवाज सांगितले, दरवाजे सांगितले. झाडांचं सांगावं लागतं, हे डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ते ठाऊक असतं.

आतल्या खोलीतून रोंडा आली. तिने सगळं ऐकलं होतं. कोट नाही, हातमोजे नाहीत, पायात घरातल्या सपाता. ती धावत सुटली ती थेट बर्फावर. आम्ही मागे. मी ओरडत होतो, “रोंडा, उजवीकडून!” पण तिला वाट दाखवायची गरजच नव्हती. वळसा जिथे सुरू होतो तिथे, एक खूण नसताना, ती बरोबर थांबली. उघड्या हातांनी एकेक झाड ओढून आणलं, भोकं टाचांनी उकरली. आमचं वाकड्या शेंड्याचं झाड तिने स्वतः उभं केलं, घट्ट धरून ठेवलं, आणि मग बाजूला वाकून ओकली.

ताप चढला होता. मी माझा कोट तिच्यावर टाकून तिला उचलून आणली.

४ मार्च

सकाळी लॉर्ना बटाटे धूत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. “सांगायला हवं होतं मी त्यांना. तू बुडाली असतीस. मला क्षमा आहे का?”

तिने ओले हात माझ्या मानेवर ठेवले. “येशूच्या नावाने आणि रक्ताने सगळं माफ आहे, विश्वास ठेव.” मग म्हणाली, “आता सोल हे.”

मागे वळलो तर दारात रोंडा. माझा कोट परत द्यायला आली होती. कधीची उभी होती कोण जाणे. कोट खुर्चीवर ठेवला आणि गेली.

क्षमा मिळाली, पण भीती गेली नाही. डोळे मिटले की ते काळं पाणी दिसतं.

१४ मार्च

वारा दक्षिणेचा. छपरांतून थेंब गळतायत. बर्फावर पाणी साचून रात्री पुन्हा गोठतं. भोक पाडलं की बर्फ मेणबत्त्यांच्या जुडग्यासारखा उभा सुटतो. वळणापाशी वीतभर राहिला आहे, आणि त्या वीतभराचा मला भरवसा नाही.

सिनेमातलं एकच दृश्य उरलंय. म्हातारा पहाटे ट्रक घेऊन वळणाकडे जातो, झाड नसलेल्या जागी थांबतो आणि खाली उतरतो. कोवळं ऊन हवं. रोज ढग असतात.

“मी थांबणार कुठे, ते त्या बर्फाला माहीत आहे का?” कर्टिसनी मला हळूच विचारलं. विनोद होता. डोळ्यांत नव्हता.

बेटावरचे लोक मला हसतात. “मागच्या वर्षी एप्रिल लागेपर्यंत गेलो-आलो, आर्वो. तुझ्या बापाची चूक तू कुठवर फेडत बसणार?”  त्यांचं खरंही असेल. भ्यालेल्या माणसाला पातळ बर्फ आणि जाड बर्फ सारखाच दिसतो.

२० मार्च

उद्या ऊन पडणार म्हणतात. रोंडा संध्याकाळी आली.

“एक सकाळ दे, आर्वो. एवढं दृश्य नसेल तर माझा म्हातारा कबुली न देताच राहतो.”

“बर्फ चांगला नाही.”

“वाईट आहे असं सांगू शकतोस? ठामपणे?”

नाही सांगू शकलो. “पहाटे गोठलेला असतो,” म्हणालो. “पहाटेच करा.” ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी नाही म्हणायला हवं होतं.

का हो म्हणालो? ठाम नसलो तर लोक म्हणतील ते मान्य करायचं, हे मला बाबांकडून आलं असावं. त्यांनी स्वतःच्या हातांनी रोवलेलं झाड लोकांच्या गप्प बसण्यावरून सोडून दिलं होतं. म्हणजे, रोवलं असेल तर.

कर्टिस सत्तर वर्षांचे आहेत. त्यांना पोहता येत नाही, जेवताना म्हणाले होते.

२१ मार्च

रस्ता बंद केला.

त्यांच्याआधी उठलो आणि पलीकडच्या टोकापासून झाडं उपटत आलो. झाड उपटलं की रस्ता मेला, हे बेटावर कुणाला सांगावं लागत नाही. डेसमंडलाही आता ठाऊक आहे. ऊन वर आलं, अगदी सिनेमावाल्यांना हवं तसं. किनाऱ्यावर ती सगळी उभी होती. कुणी ओरडलं नाही. मला वाटत होतं ओरडावं, म्हणजे मला त्यांच्याशी भांडता येईल.

वळणावर पोचलो तेव्हा रोंडा चालत आली. कडेकडेने, रस्ता पाठ असल्यासारखी. मी म्हणालो, “सॉरी म्हणणार नाही मी.”

“नकोच म्हणू.” तिने आमच्या झाडाचं खोड धरलं. “आर्वो, तेव्हा इथलं झाड त्यांनी रोवलं होतं. वायनोकाकांनी. मी उपटलं. आम्ही पोरं किनाऱ्यावर शेकोटी करून बसलो होतो, वारा लागत होता. पोरांना सांगितलं, घरचं झाड आहे; मनात म्हटलं, उद्या रोवीन. जांभई आली होती मला. डेल पलीकडून येणार हे मला माहीतच नव्हतं.”

मी ऐकत होतो आणि मला काहीच कळत नव्हतं. मग सगळं एकदम कळलं. ते बाक, ती उठून बाहेर जाणारी मुलगी, जानेवारीत आमच्या टेबलावर तिने सांगितलेली गोष्ट. मी काय उत्तर दिलं होतं तेही.

“त्यांनी माझ्या बापाकडे क्षमा मागितली,” ती म्हणाली. “माझ्या गुन्ह्याची. मी तिथे बसले होते. आता मागायला कुणी उरलेलंच नाही. तुझ्याकडे मागते. मला क्षमा आहे का?”

आमच्यात विचारलं की उत्तर द्यायचं असतं. त्यासाठी पाद्री लागत नाही, कुणीही देतो. बटाटे धुताना देतो. माझी जीभ उचलली नाही. डोळ्यांपुढे बाबा होते, म्हातारपणी खिडकीशी बसून म्हणणारे, “कदाचित नसेल रोवलं, आर्वो. माणसाला आठवतं ते खरंच असतं असं नाही.” मी हो म्हणत असे. दर वेळी हो म्हणत असे.

“घरी जा, रोंडा,” एवढंच म्हणालो. झाड तिच्या हातातून घेतलं आणि ओढत निघालो.

२३ मार्च

बर्फ अजून आहे. ट्रक गेलाही असता कदाचित.

लॉर्नाला काल सांगितलं. ती विणत होती. मग म्हणाली, “तिने मागितली?”

“हो.”

“आणि तू?”

“बाबांची आहे ती क्षमा. माझी नाही. मी कोण देणारा?”

“मग त्या रविवारी तिच्या बापाने तुझ्या बापाला दिली ती कुणाची होती? डेल तर पाण्याखाली होता.” तिने सुया खाली ठेवल्या. “तुला राग आलाय, आर्वो. त्याला देवाचं नाव देऊ नकोस.”

खरं आहे. राग आलाय. इतकी वर्षं बर्फाला भ्यालो, आता स्वतःला भितो. प्रार्थनेला बसलो की शब्द येतात, पण ‘जशी आम्ही क्षमा करतो’ इथे अडतो आणि पुढे जात नाही. हे न म्हणता मेलो तर काय, हा विचार दिवसभर छातीवर बसून आहे. दुपारी बाबांच्या थडग्यावरचा बर्फ झाडून आलो. तिथे मोठ्याने म्हणालो, “तुम्ही रोवलं होतं.” वाऱ्याने सगळं नेलं.

उद्या सकाळी ते जाणार. रस्ता नाही, बोट अजून सुरू नाही, म्हणून पंख्याची होडी त्यांना पलीकडे नेणार आहे. बर्फ फुटला तरी तरंगते ती.

२४ मार्च

धक्क्यावर गेलो. होडीचा पंखा आधीच सुरू होता आणि त्याच्या गर्जनेत कुणाला काही ऐकू येत नव्हतं. डेसमंड सामान चढवत होता. मला पाहून त्याने टोपी काढली. कर्टिसनी मिठी मारली आणि कानात ओरडले, “जिवंत आहे, बर्फवाले! तुमच्यामुळे!”

रोंडा मागे उभी होती. मला बघून माझ्यापाशी आली, पण माझ्याकडे बघत नव्हती. कानाशी तोंड आणून म्हणाली, “तू झाडं उपटत होतास ते डेसमंडने किनाऱ्यावरून टिपलं. मी सांगितलं नव्हतं. तू म्हणालास तर पुसून टाकीन.”

“तोंड दिसतं?”

“नाही. पाठ.”

 मागून मी बाबा दिसतो, हे तिनेच सांगितलं होतं.

“राहू दे,” मी म्हणालो.

ती वळली. होडीकडे चालू लागली. चार पावलं गेली असेल. मी तिला हाक मारली, ती तिला ऐकू गेली नाही. पुन्हा मारली. मी एकांतात, हळू आवाजात म्हणायचं ठरवून आलो होतो, जसं आम्ही म्हणतो. तसं जमणार नव्हतं. मी धावत जाऊन तिच्या मानेवर हात ठेवला आणि पंख्याच्या वर, सगळ्यांच्या देखत, घसा फाटेपर्यंत ओरडलो, “माफ आहे, रोंडा! येशूच्या नावाने आणि रक्ताने सगळं माफ आहे! बाबांच्या वतीनेसुद्धा! विश्वास ठेव!”

डेसमंड हातात पेटी घेऊन उभाच राहिला. होडीवाल्याने पंखा बंद केला.